भुसावळला बनवून घेतलेले साडेतीन इंची टाचेचे बूट, पाच महिने वापरल्यानंतर

गॅदरिंगला आम्ही वाजवलं त्याचा व्हिडिओ फिरल्यापासून रोज कोणीतरी मेसेज करतंय की दादा ते टाचेचे काळे बूट कुठून घेतले, लिंक टाका ना, म्हणून आता एकदाच नीट बसून लिहितोय. लिंक नाहीये. भुसावळला एक बाबा आहेत, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर एक बाकडं, त्यांनी ते हाताने बनवलेत. मुद्दाम पाच महिने थांबलो कारण नवे बूट पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच भारी वाटतात, खरं काय ते उन्हाळा काढल्यावर कळतं, आणि आपल्याकडचा मे महिना म्हणजे चपलेचं सोल्युशन पातळ करणारा मे महिना.

मी गिटार वाजवतो. जळगावात आमचा चार जणांचा बँड आहे, रॉक वाजवतो, अधूनमधून अहिराणी गाणी आमच्या पद्धतीने बसवतो आणि लोकांना ती आवडतात. स्टेजवर मी काजळ घालतो, ढगळ बाह्यांचा ब्लाउजसारखा शर्ट घालतो आणि उंच टाचेचे बूट घालतो. अकरावीत असताना डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकाचं जुलै १९७२ मधलं टीव्हीवरचं ‘स्टारमॅन’ हे गाणं पहिल्यांदा पाहिलं, लालभडक केस, रंगीबेरंगी अंगाला चिकटलेला सूट, गिटारवाल्याच्या खांद्यावर हात टाकून गातोय, आणि मला वाटलं की हा माणूस जितका स्वतःच्या अंगात आरामात आहे तितका मी आयुष्यात कधीच नव्हतो. तेव्हापासून हे डोक्यात आहे. मग मार्क बोलान सापडला, डोळ्यांखाली चमकी लावून गाणारा, मग न्यूयॉर्क डॉल्स हा बँड, १९७३ च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर पाचही जण लिपस्टिक लावून सोफ्यावर बसलेले, मग तोंडं रंगवून वाजवणारा किस बँड, आणि मग अमेरिकन गायक-गिटारवाला प्रिन्स. प्रिन्सपाशी येऊन मी थांबलो, अजून तिथेच आहे.

आता बुटांचं. प्रॉब्लेम असा आहे की पुरुषाच्या पायात बसेल अशी टाच मिळतच नाही. मला ९ नंबर लागतो, म्हणजे युरोपियन ४३, आणि लेडीज दुकानांत ४१ च्या पुढे कोणी माल ठेवत नाही. जळगावात दोन दिवस फिरलो, एका ठिकाणी पोरगा म्हणाला वहिनींचा नंबर किती आहे ते सांगा, मी म्हटलं मलाच पाहिजेत, तर तो मालकाकडे बघायला लागला. शेवटी एका साईटवरून ४२०० रुपयांचे मागवले. फोटोत एकदम झकास. दुसऱ्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला डाव्या पायाची टाच मागच्या मागे झुकली, तुटली नाही, झुकली, म्हणजे मी उभा आहे आणि पायाखालचा बूट हळूहळू मागे जातोय. उरलेली चार गाणी उजव्या पायावर भार देऊन वाजवली. त्या लोकांनी पैसे परत केले नाहीत, वापरलेला माल आहे म्हणाले.

तो झुकलेल्या टाचेचा बूट पिशवीत घालून भुसावळला गेलो कारण आमच्या ड्रमरचे वडील रेल्वेत होते आणि त्यांचे ड्युटीचे बूट याच बाबांकडे शिवले जायचे. मनात धाकधूक होती, खरं सांगतो, की सत्तरीच्या माणसासमोर हा बूट काढायचा आणि सांगायचं की हा माझा आहे. बाबांनी बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने तळव्याचा मधला भाग दाबला, तो आत गेला. काही न विचारता रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, घेतली आणि मधला अस्तर कापला. आतून पुठ्ठा निघाला. ओला होऊन चुरगळलेला पुठ्ठा, वहीच्या मागे असतो तसा. बाबा म्हणाले, “हे बघ. टाचेपासून पंजापर्यंत पाय अधांतरी असतो, पुलासारखा. इथं पोलादी पट्टी लागते. यानं पुठ्ठा टाकलाय.” मग पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, “वजन किती तुझं?”

मला जो प्रश्न येईल असं वाटत होतं तो आलाच नाही. वजन किती, उभा किती वेळ राहतोस, उड्या मारतोस का, स्टेज लाकडाचा असतो का फरशीचा. ७४ किलो, दीड-दोन तास, मारतो, बहुतेक फळ्यांचा. त्यांनी एका जुन्या वहीत लिहून घेतलं.

मग मीच न राहवून विचारलं की बाबा, पुरुषांचे टाचेचे बूट याआधी बनवलेत का कधी. तर म्हणाले किती बनवले त्याची मोजदाद नाही, बेलबॉटमच्या जमान्यात कॉलेजची पोरं दोन-अडीच इंचाच्या टाचा मागायची, आणि त्याआधीपासून घोडेवाले. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारे घोडेवाले टाचेचे बूट करून न्यायचे. का, तर टाच नसली की पाय रिकिबीतून, म्हणजे घोड्यावर पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो, मग घोडा उधळला किंवा पडला तर माणूस रिकिबीत अडकून फरफटत जातो. टाच असली की रिकीब तिथे अडते. हे सांगताना त्यांनी माझी तर्जनी धरून फर्म्याच्या, म्हणजे ज्यावर बूट बनवतात त्या लाकडी पायाच्या, टाचेपुढच्या खाचेत ठेवली की ही बघ इथं.

मी हे आधी वाचलेलं होतं की उंच टाच मुळात इराणी घोडेस्वारांची, रिकिबीत पाय घट्ट रोवून उभं राहून बाण मारता यावा म्हणून, तिथून ती सोळाव्या शतकाच्या शेवटी-सतराव्याच्या सुरुवातीला युरोपात गेली आणि आधी पुरुषांनीच घातली, फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचा घालायचा, रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेल्या त्याच्या चित्रात त्या टाचा स्वच्छ दिसतात. पण वाचलेलं वेगळं आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या यात्रेच्या घोड्यांसाठी बूट शिवलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने दाखवलेलं वेगळं. मी तिथेच ठरवलं की बूट इथेच बनवायचे, कितीही दिवस लागू देत.

मग मी मोबाईलवर प्रिन्सचा व्हिडिओ लावला. सांगतो, हा माणूस जेमतेम सव्वापाच फूट उंच, आयुष्यभर टाचेच्या बुटात वावरला, त्यात नाचला, स्टेजवरच्या उंचवट्यांवरून उड्या मारल्या, टाचेवर उतरून सरळ पाय फाकून खाली बसायचा आणि तसाच उठायचा, गिटार हातात असताना. बाबांनी गाणं ऐकलं की नाही माहीत नाही, त्यांची नजर पायावर होती. उडीच्या जागी म्हणाले थांबव. परत लाव. परत थांबव. स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “याच्या टाचेत आतून लोखंड आहे. नाहीतर पहिल्या उडीतच गेली असती.” मी घरी येऊन शोधलं. २०२१ मध्ये पेस्ली पार्क या त्याच्या घर-स्टुडिओत त्याच्या ३०० हून जास्त जोड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात दिसलं की त्याच्या बुटांच्या टाचा मोडायच्या म्हणून त्यांना धातूचा आधार दिलेला होता. बाबांनी ते पाच इंची स्क्रीनवर बघून सांगितलं होतं यार.

माप घ्यायला तब्बल पाऊण तास. दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आऊटलाईन, मग पंजाचा घेर, कमानीचा घेर, घोट्याचा, पोटरीचा, आणि मग ते सगळं परत, पण टाचेखाली लाकडी ठोकळा ठेवून, कारण टाच वर गेली की पाय पुढे सरकतो आणि पंजा पसरतो, सपाट घेतलेलं माप उपयोगाचं नसतं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर लांब आहे हे मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. फर्मा माझ्या मापाला जवळचा काढून त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून माझा पाय तयार केला आणि त्यावर पेनाने माझं नाव टाकून खिळ्याला टांगला. अजून तिथेच टांगलाय.

बूट असा आहे. पुढे सव्वा इंचाचा प्लॅटफॉर्म, मागे साडेतीन इंच टाच, म्हणजे पायाला खरा चढ सव्वादोन इंचाचाच येतो, हे गणित समजून घ्या कारण बरेच जण फक्त टाचेचा आकडा बघून घाबरतात. किसवाले सात-आठ इंची बुटात चालू शकायचे ते पुढचा प्लॅटफॉर्म पण चांगलाच जाड असल्यामुळे, त्यांच्यातल्या जीन सिमन्सने २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कला शेवटचा शो केला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता आणि पायात तेच राक्षसी बूट होते. टाच बाबांनी सुईसारखी करायला साफ नकार दिला, चौकोनी आणि खाली थोडी पसरट केली, चामड्याचे थर एकावर एक चिकटवून, खिळे मारून, आणि मधून एक बोल्ट. आत पोलादी पट्टी. वरचं चामडं खरं, आतलं अस्तर पण चामड्याचंच, मऊ, घाम पिणारं. मला पूर्ण सोनेरी पाहिजे होते पण सोनेरी फक्त रेक्झिनमध्ये मिळत होतं आणि रेक्झिन आपल्या उन्हात पाय उकडून काढतं असं बाबा म्हणाले, मग काळं चामडं आणि कडेने सोनेरी पायपिंग अशी तडजोड झाली, आणि आता वाटतं तेच जास्त देखणं झालंय. लाईट पडला की फक्त कड चमकते. सोल नुसता चिकटवलेला नाही, आरीने भोकं पाडून कडेने पूर्ण शिवलाय, मेणाच्या दोऱ्याने, मी बसून एका बाजूचे टाके बघितले, प्रत्येक टाक्याला दोरा दोन्ही हातांना गुंडाळून छाती मागे नेऊन ओढायचे.

एकूण ३८०० रुपये, त्यातले १५०० आधी दिले.

आता स्टेजवर काय होतं ते. पहिले दोन आठवडे घरात रोज अर्धा तास घालून फिरलो, आई स्वयंपाक करताना मागे टक टक टक. पोटऱ्या दुखतात, हे होतंच. वजन पंजावर येतं, त्यामुळे कंबर थोडी पुढे आणि छाती आपोआप वर, गिटार अंगाला वेगळी टेकते, आणि उभं राहण्याचा जो एक ढिला पोक असतो ना गिटारवाल्यांचा तो जातो. मला हे खूप महत्त्वाचं वाटतं. बोवी काय, प्रिन्स काय, क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी काय, त्यांचं उभं राहणं बघा. (फ्रेडी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याचा पहिला बँड झाला, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं.) टाचेत माणूस उभा राहतोय हे त्याला स्वतःला सतत कळत असतं, विसरून उभं राहता येत नाही.

अडचण आली ती वॉ पेडलची, म्हणजे पायाने पुढेमागे दाबून गिटारचा आवाज बदलायचं पेडल. वॉ पुढे दाबायचा तर जमतं, पण मागे आणायचा तर पायाची टाच खाली दाबावी लागते, आणि उंच टाच पेडलच्या मागे सरळ जमिनीला टेकते, पेडल अर्ध्यावरच राहतं. दोन प्रॅक्टिस डोकं धरून बसलो. हे पण बाबांनाच सांगितलं, पेडलच घेऊन गेलो भुसावळला. त्यांनी पेडल बाकड्यावर ठेवून हाताने चारदा पुढेमागे केलं, मग उपाय दोन: पेडलखाली दोन इंचाचा लाकडी ठोकळा, आणि उजव्या बुटाचं पुढचं टोक खालून रापीने तासून थोडं वर उचललेलं, त्यावर पातळ रबर. आता वॉ पूर्ण फिरतो आणि रबरामुळे पायाला कळतं पण. बाकी माईकचा स्टँड वर घ्यावा लागतो, साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा, आणि मंडपातल्या फळ्यांमधल्या फटी सतरंजीखाली दिसत नाहीत तर कार्यक्रमाआधी एकदा अनवाणी चालून बघा कुठे काय आहे ते. पसरट टाच का केली ते मला यावल साईडच्या एका स्टेजवर कळलं, सुईची टाच असती तर त्या फटीत गेली असती आणि बरोबर माझा घोटा.

मे महिन्यात हळदीचा कार्यक्रम, संध्याकाळी सात वाजता पण जमीन तापलेली, ४४ च्या पुढे पारा होता दिवसभर. बूट दुपारभर गाडीच्या डिकीत राहिले, ही माझी चूक. पुढच्या रबराची कड थोडी सुटली, बाकी टाका एक हलला नाही, टाच जागची ढळली नाही. कड बाबांनी फुकटात लावून दिली आणि वर रागावले की चामडं डिकीत ठेवतोस का, भाकरी ठेवशील का डिकीत.

लोक काय म्हणतात हे पण विचारलं होतं काही जणांनी. म्हणतात. गॅदरिंगला पहिल्या रांगेतून शिट्ट्या आल्या, “अय वहिनी” पण आलं. दुसऱ्या गाण्यानंतर बंद झालं. घरी वडील दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बूट उचलून वजन बघितलं आणि म्हणाले काम चांगलं केलंय कारागिराने. आमची आजी मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने. तिची आई सांगायची म्हणे की बालगंधर्व स्टेजवर जे पातळ नेसून येत, जसं नेसत, तसं बघून बायका घरी नेसायच्या. पुरुषाने बाईचं सौंदर्य दाखवलं आणि बायकांनी ते आपलं म्हणून घेतलं, आणि त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आपल्या जळगावात आहे. तमाशात, सोंगांत, आपल्याकडे पुरुषाने काजळ घातलं, पदर घेतला, चाळ बांधले, हे कुणाला नवीन आहे का. माझा शर्ट शिवणाऱ्या लेडीज टेलरताईंनी आधी जेन्टसची मापं घेत नाही असं सांगितलं होतं, आता त्याच म्हणतात पुढच्या वेळी बाहीला आणखी झोल देऊ.

मला टाचेचे बूट घालून बाई दिसायचंय असं नाही आणि मर्द दिसायचंय असं पण नाही. बूट घातले की मी वाजवायला तयार होतो, एवढं मला माहितीये, आणि ते खरं आहे.

काय आवडलं नाही ते पण सांगतो म्हणजे नंतर मला बोलू नका. बारा दिवस सांगितले होते, सव्वीस लागले, लग्नसराई होती हे मान्य पण फोन उचलत नाहीत, दोनदा भुसावळची चक्कर फुकट गेली, तिकिटापेक्षा दिवस वाया जातो त्याचं वाईट वाटतं. बुटाची चेन हलकी लावली होती, तिसऱ्या कार्यक्रमाआधी अर्ध्यात अडकली, ड्रमरने पक्कड घेऊन ओढली तेव्हा पाय आत गेला. बदलून दिली पण ८० रुपये घेतले, माझ्या मते घ्यायला नको होते. आणि बूट जड आहेत, एक बूट किलोच्या जवळपास, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी टाच दोन इंचाच्या आतच ठेवा. रंगात चॉईस नाही, काळा, तपकिरी, फार तर पांढरा. चमकी-बिमकी पाहिजे असेल तर स्वतः नेऊन द्या, ते लावून देतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा फोन न उचलल्याबद्दल कापला.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. माप द्यायला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो तेव्हाचं माप बरोबर बसतं, हे त्यांनीच सांगितलंय. ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच मोजे घालून जा. तुमचं काम काय आहे ते सगळं सांगा, ढोल वाजवता, नाचता, नुसतं उभं राहून गाता, त्यावर टाच कुठे येणार ते ठरतं. बॅटरीवाल्या लाईटची टाच करून द्या असं कोणीतरी विचारायला गेलं होतं त्याला त्यांनी हाकललं, तर तसलं काही विचारू नका. मी दुसरी जोडी टाकलीये, तपकिरी, टाच तीन इंचच, पण या वेळी टाचा लाल रंगवून द्या म्हटलंय. बाबांनी विचारलं लालच का, मी मोबाईलवर त्या फ्रेंच राजाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी स्क्रीन मोठी केली, चष्मा वर सरकवला, बराच वेळ पायाकडे बघितलं आणि म्हणाले, “टाच थोडी आत घेतलीये याची. बघू, जमेल.”